घरपट्टीच्या बिलातले 'ते' पैसे नेमके कशाचे? कर, उपकर आणि शुल्क यांचा घोळ समजून घ्या

एप्रिल-मे आला की शहरातल्या घरमालकांच्या मोबाईलवर महापालिकेचा मेसेज येतो. मालमत्ता कराचं बिल तयार आहे, वेळेत भरा आणि सवलत मिळवा. लिंक उघडली की मोठा आकडा सगळ्यात आधी दिसतो. त्याच्या वर बारीक अक्षरांत आठ-दहा ओळी असतात: सर्वसाधारण कर, सफाई कर, पाणीपट्टी, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, पथकर, वृक्ष उपकर, शिक्षण उपकर. प्रत्येक ओळीपुढे रक्कम असते. ती का लावली, कुणी ठरवली आणि कुणाकडे जाणार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा सुरू होते. "गेल्या वर्षीपेक्षा हे जास्त का?" "आपण तर टँकर घेतो, मग पाणीपट्टी कसली?" "सफाई कर भरतोय, मग कचऱ्याचे वेगळे पैसे कशाला?" वॉर्ड ऑफिसात गेलं तर उत्तर ठरलेलं असतं, "सिस्टीममधून आलंय."

हे प्रश्न तक्रारखोर लोकांचे नाहीत. यातल्या काहींची उत्तरं कायद्यात आहेत, फक्त ती बिलावर छापलेली नाहीत. पिंपरी-चिंचवड, पुणे आणि मुंबई या तीन शहरांत अलीकडे झालेले वाद पाहिले की हा घोळ कुठे होतो ते कळतं.

पिंपरी-चिंचवड: महिन्याचे ६० रुपये आणि मोठा वाद

२०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या घरमालकांना मालमत्ता कराच्या बिलात एक नवी ओळ दिसली: 'उपयोगकर्ता शुल्क'. घरांसाठी महिन्याला ६० रुपये, म्हणजे वर्षाला ७२०. हे पैसे घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी होते.

रक्कम फार मोठी नव्हती, तरी वाद मोठा झाला. कचऱ्याची गाडी आधीपासून येत होती आणि कर आधीपासून भरला जात होता. मग त्याच कामाचे वेगळे पैसे कधी ठरले आणि कुणी ठरवले, हा लोकांचा प्रश्न होता.

याची सुरुवात पिंपरीत झालेली नव्हती. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना कचरा निर्माण करणाऱ्यांकडून शुल्क घेण्यास सांगितलं. त्यानंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने त्यासाठीची उपविधी आणि दर जाहीर केले. म्हणजे निर्णय दिल्ली आणि मुंबईत झाला, त्याची ओळ काही वर्षांनी पिंपरीतल्या बिलावर उमटली आणि बिल हातात पडेपर्यंत बहुतेकांना त्याची कल्पना नव्हती. विरोध वाढला, विषय विधिमंडळात गेला आणि शेवटी राज्य सरकारला या वसुलीला स्थगिती द्यावी लागली.

त्या काळात शहरात नगरसेवकच नव्हते, ही गोष्टही महत्त्वाची आहे. पिंपरी-चिंचवड, पुणे आणि मुंबई या तिन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासकांचा कारभार सुरू झाला. निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षं दर सुचवणारा आणि त्याला मंजुरी देणारा माणूस एकच होता. नगरसेवक प्रत्येक प्रश्न सोडवतो असं नाही. पण नवं शुल्क आलं की किमान त्याच्या दारात जाऊन जाब तरी विचारता येतो. ती सोयही तेव्हा उरली नव्हती.

कर, उपकर, शुल्क आणि शास्ती: चार वेगळ्या गोष्टी

बिलातल्या सगळ्या रकमा सारख्याच दिसतात, पण कायद्याच्या नजरेत त्या चार प्रकारच्या असतात. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

पहिला प्रकार कर. कर हा शहर चालवण्यासाठी असतो. तो भरला म्हणून अमुक सेवा मिळालीच पाहिजे, असा थेट हिशेब त्यात नसतो. सर्वसाधारण कर हे त्याचं उदाहरण. तुमच्या गल्लीतला दिवा बंद असला तरी तो कर माफ होत नाही. ऐकायला हे अन्यायकारक वाटतं, पण कायदेशीर स्थिती तीच आहे.

दुसरा उपकर. हाही करच, पण ठरावीक कामासाठी गोळा केलेला. वृक्ष उपकर झाडांसाठी, शिक्षण उपकर शिक्षणासाठी.

तिसरा शुल्क. शुल्क म्हणजे सेवेचा मोबदला. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात कर आणि शुल्क यांतला हा फरक मांडला. पुढच्या निकालांत न्यायालयाने ही अट थोडी सैल केली. शुल्काची रक्कम आणि सेवेचा खर्च रुपयाला रुपया जुळलाच पाहिजे असं नाही, पण दोन्हींत काहीतरी वाजवी नातं असावं लागतं.

चौथा प्रकार शास्ती, म्हणजे दंड. थकबाकी राहिली की महापालिका महिन्याला २ टक्के शास्ती लावतात. वर्षाचा हिशेब केला तर हा दर २४ टक्के होतो. वीस हजार रुपये थकले तर दर महिन्याला ४०० रुपये. गृहकर्जाच्या व्याजापेक्षा हे कितीतरी महाग आहे. शास्तीचा दुसराही एक प्रकार आहे. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद कायद्यात होती आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हजारो घरांच्या बिलांत ती वर्षानुवर्षं साठत गेली. अनेक निवडणुकांचा मुद्दा झाल्यावर २०२३ मध्ये सरकारने ही थकलेली शास्ती माफ केली.

ही विभागणी कळली की प्रश्नही नेमका विचारता येतो. कराबद्दल "मला सेवा मिळाली नाही" हा मुद्दा न्यायालयात फारसा टिकत नाही. शुल्काबद्दल तोच मुद्दा वजनदार ठरतो. त्यामुळे सफाई कर भरूनही कचऱ्याचं शुल्क का, हा प्रश्न रास्त आहे. जी सेवा कराच्या पैशातून मिळते असं बिलच सांगतं, तिचा मोबदला पुन्हा घ्यायचा असेल तर कोणता खर्च करातून भागतो आणि कोणता शुल्कातून, हे महापालिकेने दाखवायला हवं.

पाणी मोजलंच नाही, मग पट्टी कशी आली?

ज्या घरांना मीटरप्रमाणे बिल येतं, तिथे पाण्याचा हिशेब सरळ असतो. जितका वापर, तितके पैसे. पण अनेक ठिकाणी पाणीपट्टी मालमत्ता कराच्या बिलातच असते आणि तिचा नळातून आलेल्या पाण्याशी थेट संबंध नसतो.

पुण्यासारख्या शहरात बिल असं तयार होतं: घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा अंदाज महापालिका आपल्या दराने काढते. त्यातून देखभालीसाठी ठरावीक टक्के वजा करते. उरतं ते करयोग्य मूल्य. मग बिलातले बहुतेक रकाने या एकाच आकड्याच्या टक्केवारीत किंवा त्याच्या टप्प्यांनुसार ठरतात. मुंबईत २०१० पासून भाड्याऐवजी मालमत्तेचं भांडवली मूल्य धरलं जातं, पण एका मूळ आकड्यावर सगळे रकाने चढवायची पद्धत तीच.

त्यामुळे हा मूळ आकडा बदलला की सगळे रकाने एकदम वाढतात. दरवाढ झालेली नसते, तरी बिल फुगलेलं असतं. अशा वेळी महापालिका म्हणते "आम्ही कर वाढवला नाही" आणि घरमालक म्हणतो "माझं बिल वाढलं", आणि दोघांचंही बरोबर असतं.

लाभ कराचं गणित आणखी वेगळं आहे. जललाभ कर किंवा मलनिःसारण लाभ कर हे रोजच्या पाण्याचे पैसे नसतात. जलवाहिन्या, टाक्या, मैलापाणी वाहून नेणारी आणि शुद्ध करणारी यंत्रणा उभी करणं आणि सुधारणं, या खर्चाशी ते जोडलेले असतात. म्हणून एकाच बिलात पाणीपट्टीही असते आणि जललाभ करही. नाव सारखं असल्यामुळे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेतल्यासारखं वाटतं.

पण जिथे ही यंत्रणाच पोहोचलेली नाही, तिथल्या लोकांना हे स्पष्टीकरण पटणं अवघड आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. ग्रामपंचायतीची घरपट्टी जाऊन महापालिकेचा कर आला, पण टँकर गेले नाहीत. अशा भागातल्या सोसायट्या एका हाताने महापालिकेचा कर भरतात आणि दुसऱ्या हाताने टँकरवाल्याचं बिल. घराच्या खर्चात पाणी दोनदा येतं, नळाला मात्र धड एकदाही येत नाही.

पुण्याची ४० टक्के सवलत: जी बिलावर दिसतच नव्हती

बिल न समजण्याची किंमत किती असू शकते, हे पुणेकरांनी अनुभवलं आहे. १९७० च्या ठरावानुसार स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना पुण्यात मूल्यांकनात ४० टक्के सवलत मिळत असे. पिढ्यानपिढ्या ती चालू होती. पण ती हिशेबाच्या आत दडलेली असल्यामुळे आपल्याला सवलत मिळते आहे, हेच अनेकांना माहीत नव्हतं.

लेखापरीक्षणातल्या आक्षेपांनंतर राज्य सरकारने या ठरावावर बोट ठेवलं आणि २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ही सवलत मिळेनाशी झाली. काही जुन्या घरमालकांनाही फरकाची रक्कम भरण्याचे मेसेज आले. एकाच सोसायटीत, एकाच आकाराच्या दोन फ्लॅटची बिलं वेगळी आणि कारण कुणालाच माहीत नाही, असं चित्र तयार झालं. संताप वाढल्यावर एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी अनेकांना पीटी-३ नावाचा अर्ज भरून घरात स्वतः राहत असल्याचे पुरावे द्यावे लागले. ज्यांना या अर्जाची बातमीच कळली नाही, त्यांचं बिल चढंच राहिलं.

मुंबई: कर माफ, पण कोणता?

मुंबईत हाच घोळ उलट्या बाजूने झाला. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ, अशी घोषणा झाली. पण २०१९ मध्ये प्रत्यक्षात माफ झाला तो फक्त सर्वसाधारण कर. बाकीचे रकाने बिलात तसेच राहिले. 'करमाफी' झालेल्या घरांना बिल का येतं, हे लोकांना कळेना. संपूर्ण माफीचा निर्णय व्हायला जानेवारी २०२२ उजाडलं.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने कचरा शुल्काचा मसुदा आणला. ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिन्याला १०० रुपये, ५० ते ३०० चौरस मीटरसाठी ५०० आणि त्यावर १,००० रुपये. आता ५०० चौरस फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. म्हणजे ज्या घराचा मालमत्ता कर शून्य केला, त्याच घराला या मसुद्यानुसार वर्षाला १,२०० रुपये शुल्क लागलं असतं. एका खिशातून काढलेलं दुसऱ्या नावाने परत मागण्यासारखंच हे होतं. मुंबईतही जोरदार विरोध झाला. फरक इतकाच की इथे आधी मसुदा प्रसिद्ध झाला आणि हरकती मागवल्या गेल्या. त्यामुळे लोकांना भांडता आलं ते पैसे कापले जाण्याआधी.

तुमच्या बिलातले काही पैसे महापालिकेचे नसतातच

आणखी एक गोष्ट बिलावर ठळक लिहिलेली नसते. राज्य शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर हे राज्य सरकारचे आहेत. १९६२ च्या कायद्यानुसार महापालिका ते फक्त गोळा करते आणि राज्याकडे जमा करते. यातला रोजगार हमी उपकर बिगरनिवासी मालमत्तांवर असतो. म्हणजे शहरातला एखादा दुकानदार ग्रामीण रोजगारासाठी आपला वाटा देत असतो, पण ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

इथे एक कामाची खूण आहे. तुम्ही राहता त्या घराच्या बिलात रोजगार हमी उपकराची रक्कम दिसत असेल, तर महापालिकेच्या नोंदीत त्या जागेचा वापर 'बिगरनिवासी' लागलेला असू शकतो. तसं असेल तर बाकीचे रकानेही चढ्या दराने आलेले असतात. ही नोंद लगेच तपासायला हवी.

महापालिका असं का करतात?

महापालिकांची अडचणही खोटी नाही. एके काळी त्यांचा मोठा आधार होता जकात. मग एलबीटी आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलीसुरली वसुलीही थांबली. आता राज्य सरकार त्या बदल्यात भरपाई देतं. महापालिकेच्या स्वतःच्या हातात उरलेल्या उत्पन्नांपैकी सगळ्यात खात्रीचं उत्पन्न मालमत्ता कराचं.

त्यात वरूनही दबाव असतो. २००५ च्या जेएनएनयूआरएम योजनेपासून केंद्र शहरांना सांगत आलं आहे की पाणी आणि कचऱ्याचा चालवण्याचा खर्च वापरणाऱ्यांकडून वसूल करा. १५ व्या वित्त आयोगानेही शहरांच्या अनुदानाला मालमत्ता कराच्या वसुलीत वाढीची अट जोडली. खर्च खरा आहे आणि तो कुणीतरी भरायचाच आहे. पण थेट करवाढ करायची तर राजकीय किंमत मोजावी लागते. त्यापेक्षा नव्या नावाचा रकाना जोडणं सोपं पडतं.

विजेशी तुलना केली तर कमतरता लगेच दिसते. वीजबिलातही स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असे रकाने असतात आणि लोक त्यावरही वैतागतात. पण वीजदर ठरवताना राज्य वीज नियामक आयोगासमोर प्रस्ताव येतो, जनसुनावणी होते आणि कारणांसह आदेश निघतो. महापालिकेच्या पाणीपट्टीला किंवा कचरा शुल्काला असा कुठलाही स्वतंत्र पंच नाही. दर ठरवणारी, वसूल करणारी आणि तक्रार ऐकणारी संस्था एकच आहे.

मग घरमालकाने काय करायचं?

पहिलं काम, यंदाचं आणि गेल्या वर्षीचं बिल शेजारी ठेवा. एकूण आकडा सोडा, आधी करयोग्य मूल्य जुळतं का पाहा. ते बदललं असेल तर प्रश्न आकारणीचा आहे. ते तेच असेल आणि एखादाच रकाना वाढला असेल तर प्रश्न दराचा आहे. नवा रकाना आला असेल तर प्रश्न त्याच्या कायदेशीर आधाराचा आहे. या तिन्ही तक्रारी वेगळ्या आहेत.

दुसरं, नोंदी तपासा. चटई क्षेत्र, वापराचा प्रकार, स्वतः राहता की भाड्याने दिलं आहे. चूक बहुतेक वेळा इथेच सापडते. कर आकारणीचा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेल्या मुदतीत द्याव्या लागतात.

तिसरं, माहितीचा अधिकार वापरा. अर्जाचे दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पण "हे शुल्क का लावलं?" असं विचारू नका. या कायद्यात कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. "अमुक शुल्क लागू करणाऱ्या ठरावाची किंवा आदेशाची प्रत, ते कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली लावलं याची नोंद आणि गेल्या तीन वर्षांतला त्या रकान्याचा जमाखर्च द्या," असं मागा. कागद हातात आला की पुढचं बोलणं सोपं होतं. कागद सापडत नाही असं लेखी उत्तर आलं, तर तेही तुमच्या कामाचंच.

चौथं, भांडण चालू आहे म्हणून बिल अडवून ठेवू नका. महिना २ टक्क्यांची शास्ती चालूच राहते. हरकत लेखी नोंदवून, पोच घेऊन पैसे भरता येतात. न्यायालयात अपिलाचा मार्ग आहे, पण त्याची मुदत थोडी असते आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. त्यामुळे बिल हातात पडताच हालचाल केलेली बरी.

पाचवं, तारीख लक्षात ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. बिल येतं एप्रिलमध्ये, पण निर्णय झालेला असतो फेब्रुवारीत. आवाज उठवायचा तर तेव्हा. आता नगरसेवक परत आले आहेत. पुढच्या फेब्रुवारीत आपल्या प्रभागाचा प्रतिनिधी दरांच्या प्रस्तावावर काय बोलला, हे विचारायची सोयही परत आली आहे.

यातला बराचसा त्रास महापालिका स्वतःहून संपवू शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक रकान्यापुढे चार गोष्टी छापाव्यात: हा कर आहे की शुल्क, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेच्या ठरावाने आणि पैसे कुणाकडे जाणार. ज्या बिलात आकडे पैशापर्यंत अचूक छापता येतात, त्यात एवढी जागा नक्कीच निघेल.